अ‍ॅलर्जीचा झटका आणि पहिली पंधरा मिनिटं: नागपुरात औषध आहे, पण ते टोचणार कोण?

उन्हाळा तोंडावर आला की विदर्भातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास दिसते. अंत्ययात्रा घाटावर पोहोचते, सरण पेटतं, धूर वर चढतो आणि शेजारच्या झाडावरचं आग्या मोहोळ उठतं. लोक वाट फुटेल तिकडे पळतात. कधी घाटाऐवजी देवस्थानाची टेकडी असते, कधी किल्ला, कधी वस्तीतली पाण्याची टाकी. बातमीच्या शेवटी जखमींचा आकडा असतो आणि कधीकधी आणखी एक वाक्य: एकाचा उपचारापूर्वीच मृत्यू झाला.

'उपचारापूर्वी' या शब्दाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. मधमाश्यांच्या हल्ल्यात माणूस दोन वेगवेगळ्या कारणांनी दगावू शकतो. शेकडो माश्या चावल्या, तर विषाचं प्रमाणच इतकं होतं की मूत्रपिंडं आणि स्नायू निकामी होऊ लागतात. हे काही तासांत, काही दिवसांत घडतं आणि तिथे मोठ्या रुग्णालयाचा उपयोग होतो. पण काही जणांना एकच माशी पुरते. त्यांच्या शरीराला त्या विषाची अ‍ॅलर्जी असते आणि सगळा खेळ काही मिनिटांत संपतो. या दुसऱ्या प्रकाराला वैद्यकशास्त्रात अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. माशीच कशाला, शेंगदाणा, काजू, कोळंबी, अंडं, पेनिसिलिनसारखं प्रतिजैविक किंवा दुखणं थांबवणारी साधी गोळीसुद्धा हे घडवू शकते.

सोशल मीडियावर हा विषय मध्येच कधीतरी उसळतो. जून २०२५ मध्ये उद्योगपती संजय कपूर यांचा इंग्लंडमध्ये पोलो खेळताना मृत्यू झाला. त्यांनी मधमाशी गिळली होती, अशी चर्चा चार दिवस सगळीकडे चालली. पुढे तिथल्या अधिकृत तपासात मृत्यू नैसर्गिक, हृदयविकाराने झाल्याचं समोर आलं. तोवर चर्चा करणारे पुढच्या विषयावर गेले होते. अशा झटक्यात नेमकं काय करायचं आणि ते करण्याची सोय आपल्या गावात आहे का, हे मात्र त्या गदारोळात कुणी विचारलं नाही.

'पित्त उठलं' म्हणून थांबलेले लोक

अंगावर लालसर गांधी आल्या, खाज सुटली की मराठी घरात पहिलं वाक्य असतं, "पित्त उठलं." मग गेरू शोधला जातो, अंगाला चोळला जातो, घोंगडी पांघरायला दिली जाते. दहापैकी बहुतेक वेळा खरंच काही बिघडत नाही. गांधी तासाभरात बसतात आणि गेरूला श्रेय मिळतं.

अडचण उरलेल्या वेळी येते. अ‍ॅनाफिलॅक्सिसची सुरुवातही पुष्कळदा याच गांधींनी होते, पण ती त्वचेवर थांबत नाही. आवाज घोगरा होतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, ओठ-जीभ सुजतात, छातीत घरघर सुरू होते. किंवा पोटात मुरडा येऊन उलट्या होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस खाली बसतो. "मला काहीतरी होतंय, मी वाचत नाही," असं रुग्ण स्वतःच म्हणतो, आणि घरचे त्याला धीर देत बसतात. ही भावनासुद्धा डॉक्टर लक्षण म्हणूनच मोजतात. शिवाय दहा ते वीस टक्के रुग्णांच्या अंगावर एकही गांध उठत नाही. तिथे तर 'पित्ता'चीही आठवण होत नाही. उन्हाची चक्कर किंवा हार्ट अटॅक समजून पुढची धावपळ होते.

साधा नियम असा: ज्या गोष्टीची शंका आहे ती खाल्ल्यावर, टोचल्यावर किंवा चावल्यावर काही मिनिटांत त्वचेच्या जोडीला श्वास, रक्तदाब किंवा पोट यांपैकी काहीही बिघडलं, तर ते पित्त नाही. आणि ज्याची अ‍ॅलर्जी आधीपासून माहीत आहे अशा गोष्टीनंतर अचानक अंधारी आली किंवा श्वास अडला, तर गांधींची वाट बघायची नाही.

पाच, पंधरा, तीस

ब्रिटनमधले डॉ. रिचर्ड पम्फ्री यांनी १९९२ ते १९९८ या काळात तिथे झालेल्या अशा मृत्यूंचा अभ्यास केला. २००० साली तो प्रसिद्ध झाला आणि आजही या विषयावर बोलणारा प्रत्येक डॉक्टर त्यातले तीन आकडे सांगतो. झटका सुरू झाल्यापासून हृदय किंवा श्वास बंद पडेपर्यंत किती वेळ गेला? औषध किंवा इंजेक्शनमुळे आलेल्या झटक्यात साधारण पाच मिनिटं, माशी चावल्यावर पंधरा, अन्नामुळे तीस. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. दगावलेल्यांपैकी ६२ टक्के लोकांना योग्य औषध मिळालं होतं, पण हृदय बंद पडण्याआधी ते मिळालेले फक्त १४ टक्के होते.

हे तीन आकडे नागपूरच्या नकाशावर ठेवून बघावेत.

शहरात मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानमध्ये एम्स आहे. डिगडोहला लता मंगेशकर रुग्णालय आहे. धंतोली-रामदासपेठेत इतकी खाजगी रुग्णालयं एकाला एक लागून आहेत की तिथल्या पार्किंगचं भांडण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. छिंदवाडा, बालाघाट, सिवनीहून लोक उपचारांसाठी इथे येतात. व्हेंटिलेटर, अतिदक्षता विभाग, भूलतज्ज्ञ यांची या शहरात वानवा नाही. तरीही हुडकेश्वरच्या पुढच्या एखाद्या नव्या ले-आउटमधून संध्याकाळी सात वाजता मेडिकल चौकात पंधरा मिनिटांत पोहोचून दाखवणं अवघड आहे. नरखेडच्या संत्र्याच्या बागेत काम करणाऱ्या मजुराला नागपूर गाठायला दीड-दोन तास लागतात. रामटेक, उमरेड, भिवापूर, कुही यांचा हिशेबही वेगळा नाही. आंबिया बहाराच्या फुलांवर मधमाश्या हव्यातच, त्यांच्याशिवाय फळधारणा चांगली होत नाही. म्हणजे माशी आणि मजूर यांची गाठ पडणारच, आणि ती नेमकी मोठ्या रुग्णालयापासून लांब पडणार.

१०८ ची रुग्णवाहिका हा यावरचा अर्धा उपाय आहे. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ही सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यातल्या २३३ गाड्या अतिगंभीर रुग्णांसाठीच्या होत्या. इतर अनेक राज्यांपेक्षा इथे एक चांगली गोष्ट आहे: गाडीत डॉक्टर असतो. त्यामुळे १०८ म्हणजे रुग्णालयात नेणारी गाडी एवढंच न समजता, औषध घेऊन आपल्याकडे येणारा डॉक्टर असं समजायला हवं. फोनवर "मधमाशी चावली" एवढंच सांगितलं तर त्याचं गांभीर्य कळणं कठीण. "अ‍ॅलर्जीचा झटका आहे, श्वास घ्यायला त्रास होतोय" असं सांगितलं तर चित्र वेगळं. तरीही गाडी यायला वेळ लागतोच, आणि तिच्याआधीचा वेळ कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न राहतो.

गल्लीतला दवाखाना आणि एविलचं इंजेक्शन

बहुतेक वेळा तो गल्लीतल्या दवाखान्याच्या हातात असतो. तिथे काय होतं, हे नागपूरकरांना सांगायला नको. "एविल आणि डेक्सोना देतो, थोडा वेळ बसा."

एविल हे खाज आणि गांधींवरचं औषध आहे. ते बंद होणारा घसा उघडत नाही, घसरलेला रक्तदाब वर आणत नाही. डेक्सोना किंवा हायड्रोकॉर्टिझोन ही स्टिरॉइडं परिणाम दाखवायला काही तास घेतात. पाच-पंधरा-तीसच्या घड्याळात त्यांना जागा नाही. जगभरच्या सगळ्या मार्गदर्शक सूचना एका बाबतीत एकमुखी आहेत: पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिन, बाकी सगळं नंतर. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत टोचायचं. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या एक मिलीच्या अँप्यूलमधला निम्मा भाग. मुलांना वजनाच्या हिशेबाने, किलोला ०.०१ मिलिग्रॅम. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा तेवढंच. ते एकाच वेळी रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं, हृदयाला जोर देतं आणि ज्या पेशींतून हा उत्पात सुरू झाला त्यांनाही आवरतं. ही चारही कामं करणारं दुसरं औषध नाही.

ते महाग आहे का? अजिबात नाही. अ‍ॅड्रेनलिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्याच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. एक अँप्यूल तर्री पोह्यांच्या प्लेटपेक्षा महाग पडू नये.

मग हात का आखडतो? याचं उत्तर भीतीत आहे, आणि ती भीती पूर्णपणे निराधार नाही. अ‍ॅड्रेनलिन शिरेतून भसकन दिलं तर हृदयाचे ठोके बेफाम होऊ शकतात, रक्तदाब धोकादायक वाढू शकतो. पुस्तकात वाचलेले, आयसीयूत पाहिलेले प्रसंग बहुतेक त्या प्रकारचे असतात. मांडीच्या स्नायूतला योग्य डोस ही वेगळी गोष्ट आहे. थोडी धडधड, थोडी थरथर, आणि ती काही मिनिटांत ओसरते. पण "इंजेक्शन दिलं आणि पेशंट गेला" या आरोपाच्या सावलीत काम करणाऱ्या डॉक्टरला एविल देऊन "मोठ्या दवाखान्यात न्या" म्हणणं सुरक्षित वाटतं. अलीकडच्या वर्षांत दवाखान्यांवर झालेले हल्ले पाहता त्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण प्रामाणिक नाही. चिठ्ठी लिहिण्यात गेलेली मिनिटं रुग्णाच्या खात्यातून वजा होतात, हेही तितकंच खरं.

विंचवाचा गोंधळ आणखी वेगळा. विंचवाच्या विषाने शरीरात आधीच अ‍ॅड्रेनलिनचा पूर येतो. म्हणून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, ज्याने हजारो जीव वाचले. माशी चावल्यावरच्या अ‍ॅलर्जीचा उपचार नेमका उलट दिशेचा. 'काहीतरी चावलं' एवढ्या माहितीवर दोन्हींना एकच इंजेक्शन देता येत नाही. काय चावलं हे पाहून सांगणारा माणूस म्हणूनच रुग्णासोबत जायला हवा.

नर्सताईला परवानगी आहे, पण फक्त लसीच्या दिवशी

या सगळ्यात एक गोष्ट आशा वाटावी अशी आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं आहे.

लसीमुळेही क्वचित अ‍ॅनाफिलॅक्सिस होतो. कोविड लसीकरणाच्या वेळी टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचे ते याचसाठी. ८ मार्च २०२१ रोजी लस घेतलेल्या ६८ वर्षांच्या एका व्यक्तीचा मृत्यू अ‍ॅनाफिलॅक्सिसने झाल्याचं केंद्राच्या समितीने जूनमध्ये मान्य केलं होतं. हा धोका ओळखून सरकारने फार आधीच एक व्यवस्था उभी केली. लसीकरणाच्या सत्रात अ‍ॅनाफिलॅक्सिस किट असावं लागतं: अ‍ॅड्रेनलिनच्या अँप्यूल, सिरिंज, सुया आणि वयानुसार डोस लिहिलेला तक्ता. डॉक्टर जवळ नसेल तर एएनएम, म्हणजे गावात लस टोचायला येणारी नर्सताई, स्वतः एक डोस मांडीत देऊन रुग्णाला पुढे पाठवू शकते. त्यासाठी तिला प्रशिक्षण दिलं जातं.

म्हणजे 'गावपातळीवर, डॉक्टरशिवाय, सुरक्षितपणे अ‍ॅड्रेनलिन देता येईल का' या प्रश्नाचं उत्तर सरकारने आधीच 'हो' असं देऊन ठेवलं आहे. फक्त ते 'हो' लसीशी बांधलेलं आहे. काटोल तालुक्यातल्या एखाद्या अंगणवाडीत बाळाला लसीनंतर झटका आला तर तिथली ताई किट उघडेल. त्याच अंगणवाडीच्या मागे, त्याच दिवशी, त्या बाळाच्या आजोबांना आग्या माशी चावली, तर? औषध तेच, डोसचा तक्ता तोच, मांडी तीच. पण ही परवानगी त्या प्रसंगासाठी लिहिलेली नाही. एक परिपत्रक, थोडं वाढीव प्रशिक्षण आणि वापरलेल्या किटची जागा भरून काढण्याची सोय, एवढ्यात ही भिंत पडू शकते. नवी इमारत लागत नाही, नवं यंत्र लागत नाही. कदाचित म्हणूनच ते मागे पडतं. फीत कापण्यासारखं त्यात काही नाही.

सर्पदंशाच्या उपचारातही हीच गाठ आहे. आपल्याकडची प्रतिविष लस घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनते आणि तिची तीव्र अ‍ॅलर्जी येणं मुळीच दुर्मीळ नाही. या भीतीने लहान केंद्रांवरचे डॉक्टर प्रतिविष सुरू न करताच रुग्णाला मोठ्या रुग्णालयाकडे पाठवतात, ही तक्रार जुनी आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचं त्याचं लक्ष्य आहे. अ‍ॅड्रेनलिन भरलेली सिरिंज उशाशी ठेवून प्रतिविष सुरू करण्याचा आत्मविश्वास प्राथमिक आरोग्य केंद्रात आला नाही, तर ते लक्ष्य नागपूरच्या वाटेवरच्या गाडीत अडकेल.

परदेशात पेन खिशात असतं, इथे का नाही?

अमेरिका-युरोपातल्या मालिकांमध्ये मुलं मांडीवर एक जाड पेन दाबताना दिसतात. ते अ‍ॅड्रेनलिनचं स्वयंचलित इंजेक्शन. अमेरिकेत ते १९८७ पासून आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे नाकात मारायच्या अ‍ॅड्रेनलिनच्या फवाऱ्यालाही मंजुरी मिळाली. नागपुरातल्या औषध दुकानात जाऊन मागावं आणि मिळावं, अशी ही वस्तू वर्षानुवर्षं नाही. गरज असलेली कुटुंबं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वैयक्तिक वापराचा आयात परवाना काढतात किंवा परदेशातल्या नातेवाइकांकडून पेन मागवतात. ज्यांचे नातेवाईक परदेशात नाहीत त्यांचं काय, हे सांगायला नको. तिकडेही सगळं आलबेल नाही. अमेरिकेत दोन पेनांच्या जोडीची किंमत २००७ ते २०१६ दरम्यान शंभर डॉलरच्या आसपासून सहाशेवर गेली आणि मोठं वादळ उठलं.

पर्याय म्हणून काही अ‍ॅलर्जीतज्ज्ञ रुग्णाला अँप्यूल आणि सिरिंज देतात, भरायला शिकवतात. ते काहीच नसण्यापेक्षा बरं, पण सोपं नाही. कॅनडात २००१ मध्ये पालकांना अँप्यूलमधून बाळाचा डोस भरायला सांगितलं गेलं. त्यांना सरासरी १४२ सेकंद लागली. आपत्कालीन विभागातल्या नर्सेसना २९. वेळेपेक्षा चिंतेची बाब डोसची होती: पालकांनी भरलेल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त डोसमध्ये चाळीस पटींचा फरक निघाला. आणि हे शांत खोलीत, समोर गुदमरणारं मूल नसताना. म्हणून ज्या घरात हा उपाय आहे तिथे दर काही महिन्यांनी पाणी भरून सराव करणं आणि सिरिंजवर डोसच्या रेघेपाशी खूण करून ठेवणं उपयोगी पडतं.

नागपुरात यात उन्हाची भर. अ‍ॅड्रेनलिन २५ अंशांखाली, उजेडापासून दूर ठेवायचं असतं. या शहराने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिले आहेत. (मे २०२४ मधले ते गाजलेले ५६ अंश खरे नव्हते, सेन्सर बिघडला होता.) दुचाकीच्या डिकीत किंवा उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं औषध मे महिन्यात काय कामाचं राहील? द्रव तपकिरी झाला असेल तर ते फेकायचंच, पण रंग बदलला नाही म्हणजे ताकद शाबूत आहे, असंही नसतं. जाड पिशवीत, सावलीत, स्वतःजवळ, आणि मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहून: एवढी शिस्त लागते.

औषध येईपर्यंत आणि नंतरही

रुग्णाला आडवं करून पाय थोडे उंच करायचे. श्वास लागत असेल तर पाय लांब करून टेकून बसू द्यायचं. गरोदर बाईला डाव्या कुशीवर. त्याला चालवत गाडीपर्यंत नेणं, 'उठ, जरा मोकळ्या हवेत चल' म्हणून उभं करणं टाळायलाच हवं. रक्तदाब पडलेला असताना अचानक उभं राहिल्यावर काही सेकंदांत हृदय थांबल्याचे प्रसंग पम्फ्री यांनीच २००३ मध्ये नोंदवले आहेत. माशीचा काटा दिसत असेल तर नखाने, जमेल तसा, पण लगेच काढायचा. तोंडात पाणी, गोळी, काढा काही घालायचं नाही.

जवळचं रुग्णालय खाजगी असेल तर पैशाची भीती असते. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे की जीव वाचवण्याची जबाबदारी सरकारी आणि खाजगी, दोन्ही डॉक्टरांवर आहे आणि कागदपत्रांची औपचारिकता तिच्या आड येऊ शकत नाही. दारात वाद घालण्यापेक्षा "अ‍ॅनाफिलॅक्सिस वाटतोय, अ‍ॅड्रेनलिन दिलं आहे" किंवा "अजून दिलेलं नाही" हे एक वाक्य आणि वेळ सांगणं जास्त कामाचं.

अ‍ॅड्रेनलिननंतर दहा मिनिटांत रुग्ण बरा दिसू लागतो आणि घरच्यांना वाटतं, झालं, निघू. काही रुग्णांमध्ये झटका काही तासांनी परत येतो, दुसऱ्यांदा माशी न चावता. म्हणून किमान चार ते सहा तास, आणि झटका जबर असेल तर रात्रभर, देखरेखीखाली राहायला सांगतात. घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर 'अ‍ॅलर्जी रिअ‍ॅक्शन' असं मोघम लिहून घेऊ नये. कशामुळे झालं, कोणतं औषध किती वाजता दिलं आणि पुढे काय टाळायचं, हे त्यावर हवं. माशीच्या विषाची किंवा पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेला माणूस पुढच्या वेळी कदाचित बेशुद्धावस्थेत, अनोळखी डॉक्टरसमोर असेल. तेव्हा त्याच्या वतीने बोलायला खिशातला तो कागद असेल.